युटिल्समध्ये काय ठेवायचं आणि काय नाही

युटिल्स म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या छोट्या जावास्क्रिप्ट फंक्शनांची लायब्ररी. आमच्या टीमसाठी अशी एक मी सांभाळते. ॲरेचे, म्हणजे नोंदींच्या यादीचे, ठरावीक आकाराचे तुकडे करणारं फंक्शन कुणीही चार ओळींत लिहील. लूप शून्यापासून सुरू करायचा, दर फेरीला आकाराइतकं पुढे सरकायचं, स्लाइसने तुकडा कापायचा आणि नव्या ॲरेत टाकायचा. दहा नोंदी आणि आकार तीन दिला की तीन, तीन, तीन आणि एक असे चार तुकडे मिळतात.

आता समजा, हा आकार एखाद्या फॉर्ममधल्या इनपुटमधून आला. इनपुटची व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग (मजकूर) असते, म्हणजे हातात ३ हा आकडा नसतो, '३' ही स्ट्रिंग असते. पहिल्या फेरीत शून्यात '३' मिळवले की जावास्क्रिप्ट बेरीज करत नाही, जोडकाम करते: '०३'. स्लाइस त्याचा आकडा करून घेतं आणि पहिल्या तीन नोंदी बरोबर निघतात. दुसऱ्या फेरीत '०३'ला आणखी एक '३' चिकटतो आणि '०३३' होतं. मग स्लाइस तिसऱ्या जागेपासून थेट तेहतिसाव्यापर्यंत कापायला जातं आणि उरलेल्या सातही नोंदी एकाच तुकड्यात येऊन पडतात. एरर नाही, वॉर्निंग नाही. आकार द्यायचाच राहून गेला तर बेरीज नॅन ('हा आकडा नाही' अशी खूण) होते, लूप एका फेरीत थांबतो आणि हाती एक रिकामा तुकडा लागतो. दहाच्या दहा नोंदी गायब. आणि आकार शून्य आला तर लूप जागचा हलतच नाही. मेमरी संपेपर्यंत रिकामे तुकडे साठत राहतात.

लोडॅश या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या तयार लायब्ररीतलं चंक हे फंक्शन यावर आपलं आपलं ठरवतं: आकार एकपेक्षा कमी असेल तर रिकामा ॲरे परत करायचा, आकार दिलाच नसेल तर एक धरायचा. माझ्या लायब्ररीत मी वेगळं ठरवलं आहे. आकार एक किंवा त्याहून मोठा पूर्णांक नसेल तर रेंज एरर फेकायचा, आणि त्या एररच्या मजकुरात आलेली व्हॅल्यू आणि तिचा प्रकार दोन्ही छापायचं. कारण तुकडे करायला सांगणाऱ्याने शून्य पाठवला असेल तर त्याचं वरच्या बाजूला कुठेतरी काहीतरी बिनसलं आहे, आणि रिकामा ॲरे देऊन मी ते लपवायला मदत करते. लोडॅशचा निर्णय चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. लाखो ठिकाणी चालणाऱ्या लायब्ररीला सौम्य राहावं लागतं. आमच्या टीमपुरत्या लायब्ररीला कडक राहणं परवडतं.

छोट्या लायब्ररीकडे मी अशीच बघते. तिच्यातला कोड ही तिची किंमत नाही. कोड आजकाल कुठेही मिळतो, मागितला तर क्षणात लिहूनही मिळतो. किंमत आहे ती कडेच्या केसेसमध्ये काय करायचं हे एकदा नीट बसून ठरवलं, लिहून ठेवलं आणि टेस्टमध्ये पक्कं केलं, याची. टीममध्ये नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो की लोडॅश असताना हे कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून मी त्याला फंक्शनं दाखवत नाही, टेस्टची फाइल उघडून देते.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण अशा लायब्रऱ्यांचा जन्मच भाषेच्या गरिबीतून झाला. अंडरस्कोअर ही लायब्ररी २००९ मध्ये आली. त्याच वर्षाच्या शेवटी एक्मास्क्रिप्ट ५, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणाची नवी आवृत्ती, प्रसिद्ध झालं आणि मॅप, फिल्टर, रिड्यूस या ॲरेवर चालणाऱ्या मेथड प्रमाणित भाषेत आल्या. पण जुने ब्राउझर वर्षानुवर्षं वापरात होते आणि त्यांत यातलं काहीच नव्हतं. अंडरस्कोअर दोन्हीकडे चालायची. लोडॅश २०१२ मध्ये तिच्याच वाटेवरून निघाली आणि वेग आणि सुसंगतता यांवर भर देत पुढे गेली. एक पिढी या दोघींवर वाढली. मीही त्यातलीच. त्यांची फंक्शनं बोलावण्यासाठी अंडरस्कोअरचं चिन्ह टाइप करणं बोटांना आपोआप यायचं.

आज चित्र पालटलं आहे. ॲरे सपाट करणारं फ्लॅट २०१९ पासून भाषेत आहे. खोल गेलेल्या ऑब्जेक्टमधली व्हॅल्यू सुरक्षितपणे वाचण्यासाठी पूर्वी गेट नावाचं फंक्शन लागायचं. २०२० मध्ये प्रश्नचिन्ह आणि टिंब एवढ्यात ते काम होऊ लागलं. शेवटून मोजून घटक काढायला २०२२ मध्ये ॲट आलं, मूळ ॲरेला धक्का न लावता क्रमवारी लावायला २०२३ मध्ये टू-सॉर्टेड आलं, गट पाडायला २०२४ मध्ये ऑब्जेक्ट डॉट ग्रुपबाय आलं. त्यामुळे आजच्या युटिलिटी लायब्ररीचं निम्मं काम म्हणजे स्वतःला कमी करत जाणं. दर वर्षी नवं प्रमाण जाहीर झालं की मी यादी घेऊन बसते आणि आपल्यातलं काय आता भाषेने दिलं आहे ते बघते.

हे काढून टाकणं दिसतं तितकं सरळ नसतं. ग्रुपबायचंच घ्या. आमचं जुनं फंक्शन साधं ऑब्जेक्ट परत करायचं. भाषेतलं ग्रुपबाय जे ऑब्जेक्ट देतं त्याला प्रोटोटाइपच, म्हणजे आयत्या मेथड पुरवणारं मागचं सामाईक ऑब्जेक्टच, नसतो. ही चांगली गोष्ट आहे: गटाचं नाव योगायोगाने 'कन्स्ट्रक्टर' किंवा 'टू-स्ट्रिंग' असलं तरी काही गडबड होत नाही. पण कुणी त्या ऑब्जेक्टवर हॅज-ओन-प्रॉपर्टी थेट कॉल करत असेल तर तिथे टाइप एरर येणार. म्हणून आमच्याकडे फंक्शन काढण्याआधी एक पूर्ण आवृत्ती ते 'डेप्रिकेटेड' म्हणून राहतं. जेएसडॉकमध्ये, म्हणजे कोडवरच्या माहितीच्या टिपणात, तेवढा एक टॅग टाकला की एडिटर त्या नावावर काट मारून दाखवतो, आणि त्याखालीच काय वापरायचं आणि काय वेगळं वागेल हे दोन वाक्यांत लिहिलेलं असतं. ते फंक्शन खरोखर जातं ते पुढच्या मेजर आवृत्तीत.

खोल प्रत, म्हणजे ऑब्जेक्टच्या आतल्या सगळ्या पातळ्यांसह नक्कल, काढणारं फंक्शनही असंच गेलं. बरेच जण अजून जेसन या मजकुराच्या स्वरूपात बदलून परत पार्स करण्याची युक्ती वापरतात. तिच्यात तारखा स्ट्रिंग होतात, अंडिफाइन्ड असलेल्या की गळून पडतात, नॅनचा नल होतो, मॅपचं रिकामं ऑब्जेक्ट होतं, आणि ऑब्जेक्ट स्वतःकडेच बोट दाखवत असेल तर सरळ एरर येतो. स्ट्रक्चर्ड-क्लोन हे सगळं नीट सांभाळतं. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवण्याच्या साधनात) ते १७ व्या आवृत्तीपासून आहे आणि ब्राउझरांमध्येही आता सर्वत्र आहे. मात्र त्याला फंक्शन चालत नाही, ते एरर फेकतं. आणि क्लासचा इन्स्टन्स दिला तर प्रत साध्या ऑब्जेक्टची मिळते, क्लासची ओळख पुसली जाते. हे माहीत असलं की झालं. स्वतःची खोल प्रत लिहीत बसण्यात आता काही अर्थ उरलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

भाषेच्याच प्रोटोटाइपवर स्वतःची फंक्शनं चिकटवायची नाहीत, हा आमचा एकमेव नियम आहे ज्याला अपवाद नाही. कारण त्याचे परिणाम सगळ्या जगाने पाहिले आहेत. ॲरे सपाट करणाऱ्या मेथडचं ठरलेलं नाव आधी 'फ्लॅटन' होतं. पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने त्याच नावाची मेथड ॲरेच्या प्रोटोटाइपवर बसवली होती, आणि भाषेने ते नाव घेतलं असतं तर तिच्यावर चालणाऱ्या जुन्या साइट्स मोडल्या असत्या. २०१८ मध्ये यावर बरीच चर्चा झाली, 'स्मूश' हे नावही सुचवलं गेलं, आणि शेवटी 'फ्लॅट' ठरलं. गट पाडणारं फंक्शन ॲरेवर न येता ऑब्जेक्टवर स्थिर मेथड म्हणून आलं, त्यामागेही हेच कारण आहे. एका लायब्ररीने सोयीसाठी घेतलेला निर्णय भाषेच्या नावनिशीपर्यंत पोहोचला.

आता ज्या फंक्शनवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे त्याबद्दल. डिबाउन्स.

मूळ कल्पना इलेक्ट्रॉनिक्समधली. बटण दाबताना त्याचे धातूचे संपर्क क्षणभर थरथरतात आणि एकाच दाबाचे अनेक सिग्नल जातात. ते शांत होईपर्यंत थांबायचं आणि एकच मोजायचा. वेबवर हे शोधपट्टीत लागतं. माणूस टाइप करत असताना दर अक्षराला सर्व्हरकडे विनंती न पाठवता, तो ३०० मिलिसेकंद थांबला की एकदाच पाठवायची. यासाठी पाच ओळींचा कोड पुरतो: आधीचा टायमर रद्द करायचा, नवा लावायचा.

त्या पाच ओळी शोधपट्टीत चालतात. मग कुणीतरी तेच फंक्शन आपोआप सेव्ह होणाऱ्या एडिटरला लावतं. लिहिणारा न थांबता सलग लिहीत राहिला तर टायमर दर वेळी पुढे ढकलला जातो आणि सेव्ह कधी होतच नाही. म्हणून कमाल प्रतीक्षा हवी: माणूस थांबो न थांबो, इतक्या वेळाने एकदा कॉल झालाच पाहिजे. (लोडॅशमध्ये थ्रॉटल, म्हणजे ठरावीक वेळात फार तर एकदा कॉल होऊ देणारं फंक्शन, वेगळं लिहिलेलंच नाही, कमाल प्रतीक्षा लावलेलं डिबाउन्स म्हणजेच तिथलं थ्रॉटल. मला ही रचना फार आवडते.) मग प्रश्न येतो की पान बंद झालं आणि टायमर अजून चालू असेल तर? तिथे फ्लश लागतं, म्हणजे राहिलेला कॉल आत्ताच्या आत्ता करून टाकणं. ते अनलोडच्या इव्हेंटला बांधू नये, कारण मोबाइलवर तो इव्हेंट येईलच याची खात्री नसते. पान दिसेनासं होतं त्या क्षणाचा व्हिजिबिलिटी-चेंज हा इव्हेंट जास्त भरवशाचा. उलट, वापरणारा दुसऱ्या स्क्रीनवर निघून गेला असेल तर शोधाचा उरलेला कॉल करायचाच नसतो. तिथे कॅन्सल लागतं. आणि पहिला कॉल लगेच व्हावा की शेवटचा थांबून व्हावा, हे कामावर ठरतं. 'पाठवा' बटणाला पहिला हवा, शोधपट्टीला शेवटचा.

आमच्या डिबाउन्समध्ये हे चारही आहे. एक गोष्ट मी मुद्दाम ठेवली नाही: परतीची व्हॅल्यू. लोडॅशचं डिबाउन्स मागच्या कॉलचा निकाल परत करतं. माझ्या मते ते वाचणाऱ्याची दिशाभूल करतं, कारण आत्ता केलेल्या कॉलशी त्या निकालाचा संबंध नसतो. प्रॉमिस, म्हणजे पुढे मिळणाऱ्या निकालाची हमी देणारं ऑब्जेक्ट, परत करा अशीही मागणी झाली होती. मग जे कॉल गिळले गेले त्यांच्या प्रॉमिसचं काय करायचं? ती कायमची लटकत ठेवायची, रद्द करायची, की शेवटच्या निकालाने पूर्ण करायची? तिन्ही उत्तरांना वेगवेगळ्या ठिकाणी समर्थन आहे, म्हणजेच एकही उत्तर लायब्ररीत बसत नाही. आमचं डिबाउन्स काहीही परत करत नाही आणि टाइपमध्येही तसंच लिहिलेलं आहे.

दोन गोष्टी मी दस्तऐवजात ठळक लिहून ठेवल्या आहेत, कारण कोड रिव्ह्यूमध्ये त्या पुन्हा पुन्हा येतात. पहिली रिॲक्टची, म्हणजे स्क्रीन कंपोनंट नावाच्या तुकड्यांतून बांधणाऱ्या लायब्ररीची. कंपोनंटच्या आत, रेंडर होताना (स्क्रीनवर मांडला जाताना) डिबाउन्स बनवलं तर दर रेंडरला नवं फंक्शन आणि नवा टायमर तयार होतो. जुना कुणी रद्द करत नाही. सगळे कॉल उशिरा होतात पण होतात सगळेच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: डिबाउन्स विनंत्यांची संख्या कमी करतं, त्यांच्या उत्तरांचा क्रम सांभाळत नाही. आधी पाठवलेली विनंती रेंगाळली आणि नंतरची आधी आली, तर स्क्रीनवर जुन्या शोधाचे निकाल नव्या शब्दाखाली दिसतात. त्यावर उपाय अबॉर्ट-कंट्रोलर: नवी विनंती निघताना जुनी रद्द करायची, आणि रद्द झाल्यामुळे येणारा एरर खऱ्या एररपासून वेगळा ओळखून सोडून द्यायचा. यासाठी आमच्याकडे 'लेटेस्ट' नावाचं एक छोटं फंक्शन आहे. ते डिबाउन्सच्या आत कोंबावं असं अनेकांना वाटतं. मी ते वेगळं ठेवलं, कारण क्रमाचा प्रश्न डिबाउन्स नसलेल्या जागीही येतो; टॅब बदलणं, फिल्टर बदलणं, पान पुढे नेणं.

मजकूर छोटा करून शेवटी तीन टिंबं लावणारं फंक्शन हे माझं दुसरं लाडकं. इंग्रजीपुरता विचार करणाऱ्याला त्यात काहीच अवघड दिसत नाही: लांबी बघा, कापा, टिंबं लावा. पण स्ट्रिंगची लांबी जावास्क्रिप्टमध्ये यूटीएफ-१६ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीच्या एककांत मोजली जाते, अक्षरांत नाही. 'नमस्ते' घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, लांबी सहा येते: न, म, स, हलन्त, त, आणि एकाराची मात्रा. पहिल्या तीन एककांवर कापलं तर 'नमस' उरतं, चारवर कापलं तर शेवटी पाय मोडलेला 'स्' लोंबकळतो, पाचवर कापलं तर 'नमस्त'. इमोजी असेल तर त्याहून वाईट. बहुतेक साधे इमोजी दोन एककांचे असतात, मधोमध कापले की तुटक्या चौकोनासारखं काहीतरी दिसतं. स्ट्रिंग स्प्रेड करून (सुटी पसरवून) ॲरे बनवला तर असा इमोजी वाचतो, कारण तेव्हा कोड पॉइंटनुसार, म्हणजे युनिकोडने दिलेल्या क्रमांकांनुसार, तुकडे होतात, पण मात्रा आणि हलन्त तरीही सुटे पडतात.

याचं खरं साधन आहे इंटल डॉट सेग्मेंटर. त्याला स्ट्रिंग दिली की वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर ते एकत्र ठेवतं. क्रोम आणि सफारीत ते आधीपासून होतं, फायरफॉक्समध्ये २०२४ मध्ये आलं, तेव्हापासून ते निःशंकपणे वापरता येतं. इथेही एक खाचखळगा आहे. जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला. त्यामुळे जुन्या इंजिनात 'नमस्ते'चे चार तुकडे होतात, 'स्' वेगळा आणि 'ते' वेगळं, नव्यात तीन. आमच्या टेस्टमध्ये म्हणून आकडा तपासत नाही. कापलेला मजकूर हलन्तावर संपत नाही ना, एवढंच तपासतो. आणि संपत असेल तर फंक्शन एक पाऊल मागे सरकून कापतं. देवनागरी वाचणाऱ्या माणसाने हे फंक्शन लिहिलं नाही तर ही टेस्ट कुणाला सुचणारच नाही, आणि म्हणून हे काम आपण करायला हवं असं मला मनापासून वाटतं. मोठ्या लायब्रऱ्यांमध्ये बग नोंदवतानाही मराठी आणि हिंदी मजकुराची उदाहरणं देत चला. त्यांना ती हवी असतात.

शफल, म्हणजे ॲरेचा क्रम पिसणारं फंक्शन, ठेवलं आहे, कारण लोक अजूनही सॉर्टला यादृच्छिक तुलना देऊन पत्ते पिसतात आणि त्यातून येणारे क्रम समान शक्यतेचे नसतात. लूप लिहिणारेही कधी कधी दर जागेची अदलाबदल संपूर्ण ॲरेतल्या कुठल्याही जागेशी करतात. तीन घटकांसाठी त्याच्या २७ वाटा होतात आणि शक्य क्रम ६ आहेत. २७ ला ६ ने भाग जात नाही, म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणारच. याला सिद्धता म्हणून आणखी काही लागत नाही. फिशर आणि येट्स यांची पद्धत १९३८ ची, तिचं संगणकाला सोयीचं रूप डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये दिलं. शेवटून सुरू करून उरलेल्यांतून एक निवडत जायचं. आमच्या शफलला यादृच्छिक आकडे देणारं फंक्शन बाहेरून देता येतं, म्हणजे टेस्टमध्ये निकाल ठरलेला मिळतो.

स्लीप, म्हणजे दिलेला वेळ थांबणारं फंक्शन, आहे, एका ओळीचं. त्यातही एक अट घातली आहे: ते ज्यावर चालतं त्या सेट-टाइमआउट या टायमरची मर्यादा ३२ बिटांची आहे, २१४७४८३६४७ मिलिसेकंद, म्हणजे २५ दिवसांना थोडं कमी. त्याहून मोठा आकडा दिला तर तो थांबत नाही, लगेच चालतो. आमचं स्लीप अशा वेळी एरर फेकतं.

पूर्णांक बनवणारं टू-इंट एकच आर्ग्युमेंट घेतं आणि ते मुद्दाम. भाषेतल्या पार्स-इंटला दुसरं आर्ग्युमेंट संख्यापद्धतीच्या पायाचं (दशमान, द्विमान) असतं, मॅप मात्र दुसऱ्या जागी इंडेक्स पाठवतो. तीन वेळा '१०' असलेल्या ॲरेवर मॅपमधून थेट पार्स-इंट चालवलं तर १०, नॅन आणि २ असे निकाल येतात. ज्या फंक्शनांना लोक मॅपमध्ये सोडणार हे उघड आहे त्यांनी दुसरं आर्ग्युमेंट घेऊच नये. पर्याय द्यायचे असतील तर आधी पर्याय देऊन त्यातून फंक्शन मिळवायचं.

आता जे ठेवलं नाही त्याबद्दल, आणि इथे माझं मत जास्त ठाम आहे.

इज-एम्प्टी, म्हणजे 'हे रिकामं आहे का' सांगणारं फंक्शन, नाही. लोडॅशच्या इज-एम्प्टीला ५ दिला तर उत्तर 'ट्रू' येतं, कारण आकड्याला मोजण्याजोगं आत काही नसतं. व्याख्येप्रमाणे बरोबर आहे. पण फॉर्म तपासणाऱ्या कोडमध्ये वय ५ असलेली नोंद 'रिकामी' ठरते. 'रिकामं' याचा अर्थ स्ट्रिंगसाठी वेगळा, ॲरेसाठी वेगळा, आकड्यासाठी तर काहीच नाही. ज्या जागी प्रश्न पडतो त्या जागीच लांबी शून्य आहे का, नल आहे का, हे स्पष्ट लिहावं. दोन शब्द जास्त लागतात आणि पुढच्या वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

खोल मर्ज, म्हणजे दोन ऑब्जेक्ट आतल्या पातळ्यांसह एकत्र करणारं फंक्शन, नाही. हे सुरक्षेच्या कारणासाठी. जेसनमधून 'प्रोटो' या खास नावाची, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेली की येऊ शकते. साधेपणाने लिहिलेलं मर्ज तिच्यात शिरतं आणि थेट सगळ्या ऑब्जेक्टच्या सामाईक प्रोटोटाइपवर लिहून बसतं. त्यानंतर प्रोग्राममधल्या प्रत्येक साध्या ऑब्जेक्टला ती व्हॅल्यू दिसायला लागते. 'ॲडमिन आहे का' या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसाठी 'हो'. हे फक्त नवख्यांच्या कोडमध्ये घडतं असं नाही. लोडॅशच्या डीफॉल्ट्स-डीपमध्येही 'कन्स्ट्रक्टर'च्या वाटेने हेच करता येत होतं, आणि २०१९ मध्ये ४.१७.१२ या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. इतक्या तपासल्या गेलेल्या लायब्ररीत हे घडू शकतं, तर मी माझं खोल मर्ज कुणाच्या हाती देणार नाही. आमच्या सेटिंग्ज एका पातळीच्या असतात, स्प्रेडने भागतं. जिथे दोन पातळ्या आहेत तिथे दोन स्प्रेड लिहावेत.

मेमोआइज, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर साठवून पुन्हा देणारं फंक्शन, बराच काळ होतं, मग काढलं. पहिलं आर्ग्युमेंट हीच की धरायची हा लोडॅशचा नियम दोन आर्ग्युमेंट असलेल्या फंक्शनला चुकीचं उत्तर देतो, सगळ्यांची मिळून की बनवावी तर ऑब्जेक्टचं काय हा प्रश्न येतो, आणि साठा कधी रिकामा करायचा हे तर लायब्ररीला कळूच शकत नाही. जिथे गरज आहे तिथे एक मॅप आणि चार ओळी पुरतात, आणि साठा केव्हा संपतो हे तिथल्या कोडला माहीत असतं.

लेफ्ट-पॅडची गोष्ट या विषयावर बोलताना टाळता येत नाही. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादानंतर आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सार्वजनिक कोठारातून, काढून घेतली. त्यात स्ट्रिंगच्या डावीकडे जागा भरणारं, ११ ओळींचं लेफ्ट-पॅड होतं, आणि बेबलसारख्या मोठ्या प्रकल्पांच्या अवलंबनांच्या साखळीत ते खोलवर बसलेलं होतं. जगभर बिल्ड (कोडची अंतिम बांधणी) अडकले. एनपीएमने ते पॅकेज परत आणलं आणि पुढे काढून घेण्याचे नियम कडक केले. पुढच्या वर्षी, एक्मास्क्रिप्ट २०१७ मध्ये, पॅड-स्टार्ट भाषेतच आलं. या घटनेतून 'छोटी पॅकेजेस वाईट' असा अर्थ काढला जातो, तो मला पटत नाही. आकाराचा दोष नव्हता. आपल्या बिल्डमध्ये काय काय येतं आणि कुठून येतं हे कुणी बघत नव्हतं, तो प्रश्न होता. आमच्या लायब्ररीला एकही अवलंबन नाही. बाहेरचं काही घ्यावंसं वाटलंच तर त्याचा परवाना बघून कोड आत घेतला जातो, मूळ नाव आणि परवाना फाइलच्या डोक्यावर ठेवून.

बांधणीबद्दल थोडक्यात: एका फाइलमध्ये एक फंक्शन, सगळी ईएस मॉड्यूल्स, नावानिशी एक्सपोर्ट. एकच मोठं ऑब्जेक्ट एक्सपोर्ट केलं की बंडलरला (सगळ्या फाइल्स एकत्र बांधणाऱ्या साधनाला) न वापरलेला भाग गाळणं कठीण होतं. पॅकेजच्या जेसनमध्ये साइड इफेक्ट्स नाहीत असं सांगितलं की तो निर्धास्तपणे गाळतो. टेस्टसाठी नोडचाच टेस्ट रनर. त्यातली खोटी घड्याळं डिबाउन्सच्या टेस्टला उत्तम चालतात, खरे ३०० मिलिसेकंद थांबावं लागत नाही.

नवं फंक्शन आत घ्यायचं तर आमच्याकडे मागणाऱ्याने आधी टेस्ट लिहून आणायची असते. कोड नाही, फक्त टेस्ट: रिकामं आलं तर काय, नल आलं तर काय, उलट्या क्रमाने आलं तर काय. बऱ्याचदा त्या लिहिताना मागणाऱ्याच्याच लक्षात येतं की त्याला हवं असलेलं फंक्शन दोन वेगळी कामं करतं, आणि मागणी मागे घेतली जाते. ज्या येतात त्या पक्क्या येतात.

सध्या सेटवरच्या, म्हणजे एकही व्हॅल्यू दोनदा न ठेवणाऱ्या संग्रहावरच्या, फंक्शनांचा विषय हातात आहे. युनियन, इंटरसेक्शन, डिफरन्स हे एक्मास्क्रिप्ट २०२५ मध्ये सेटच्याच मेथड म्हणून आले आहेत आणि ब्राउझरांमध्ये त्याआधीच पोहोचले होते, तेव्हा आमची तीन फंक्शनं जाणार. अडचण एकच आहे. आमची फंक्शनं दुसऱ्या जागी ॲरेही चालवून घ्यायची; भाषेतल्या मेथड ॲरे दिला की टाइप एरर फेकतात, कारण त्यांना समोरच्याकडे साइझ, हॅज आणि कीज या तिन्ही गोष्टी लागतात. म्हणजे शोधून बदलून चालणार नाही, प्रत्येक जागी दुसरं आर्ग्युमेंट काय येतं ते बघावं लागेल. टाइप असलेल्या फाइल्समध्ये कंपायलर दाखवून देईल. उरलेल्या साध्या जावास्क्रिप्टच्या फाइल्स मी या आठवड्यात हाताने बघते आहे, आणि जिथे ॲरे सापडतो तिथे आधी त्याचा सेट करून घेते.